देवळाच्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी: कोकणातला वारसा तपासायचा आणि जपायचा कसा?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामदेवतेचं जुनं देऊळ आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा, पुढे लाकडी सभामंडप, कोरीव खांब आणि गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीवर कावेची, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाची, वेलबुट्टी. मे महिन्यात मुंबईकर गावी आले की देवस्थानाची मोठी बैठक होते, आणि यंदा तिथे जीर्णोद्धार हा एकच विषय आहे. कंत्राटदाराने सुचवलंय ते असं: खालचा गिलावा फुगून पडतोय, तो खरवडून सिमेंटचा करायचा, वरून ऑइलपेंट मारायचा, खांबांना वाळवी लागलीय म्हणून सबंध मंडप उतरवून स्लॅब टाकायचा.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे सगळं ऐकताना मला एकच गोष्ट खटकली. भिंत का फुगली, हे कुणी तपासलेलंच नाही. ताप आला की डॉक्टर आधी तपासतो, मग औषध देतो. इथे थेट शस्त्रक्रियाच ठरली आहे. म्हणून हा धागा. जुनी वास्तू, जुनं लाकूड, जुना कागद, तोफा, कातळशिल्पं यांची शास्त्रीय तपासणी कशी होते, त्यातलं गावपातळीवर काय जमतं आणि कशाला प्रयोगशाळा लागते, हे इथल्या जाणकारांनी लिहावं. मला माहीत आहे तेवढ्यापासून मी सुरुवात करते.

आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो असं आपण म्हणतो. तो पांढरा भुगा म्हणजे मीठ, बहुतेक वेळा आपलं साधं खायचं मीठच, सोडियम क्लोराइड. ते दोन वाटांनी येतं. खारा वारा मिठाचे बारीक तुषार भिंतीवर आणून टाकतो, आणि जमिनीतलं पाणी चिऱ्यांच्या छिद्रांतून वर चढताना आपल्यासोबत क्षार घेऊन येतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आर्द्रता त्याखाली आली की पुन्हा स्फटिक बनतं. आता आपलं हवामान बघा. पावसाळाभर आर्द्रता त्या रेषेच्या वर, थंडीत कोरडं वारं सुटलं की खाली, आणि मधल्या महिन्यांत तर पहाटे वर आणि दुपारी खाली. स्फटिक वाढताना छिद्राच्या भिंतींवर दाब टाकतो. एका खेपेला काही होत नाही, पण वर्षानुवर्षं हेच चाललं की गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी चिराही भुगा होऊ लागतो.

चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. मीठ गिलाव्यातच साठतं, गिलावा पडतो, पण आतला चिरा वाचतो. म्हणजे पडणारा गिलावा आपलं काम करत असतो. त्याच्या जागी घट्ट सिमेंट आलं की ओल बाहेर पडायला जागा शोधत भिंतीत आणखी वर चढते, आणि मीठ सिमेंटच्या मागे, चिऱ्यातच साठायला लागतं. सिमेंटमध्ये स्वतःचेही विरघळणारे क्षार असतात, त्यांची भर वेगळी. चार-पाच पावसाळे भिंत गुळगुळीत दिसते. मग सिमेंटचा सबंध पोपडा सुटतो आणि सोबत चिऱ्याचा दर्शनी थर घेऊन येतो.

म्हणून पहिला प्रश्न, ओल कुठून येते. याची एक सोपी चाचणी आहे. दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर सीलबंद करा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ गार भिंतीवर धरते आहे. नेमकं मोजायचं असेल तर वेगवेगळ्या उंचीवर बारीक ड्रिलने भुकटी काढायची, लगेच बंद बाटलीत भरायची, वजन करायचं, १०५ अंश सेल्सियसला वाळवून पुन्हा वजन करायचं. पायथ्याशी ओल जास्त आणि वर जाताना कमी, तर पाणी जमिनीतून चढतंय. वर जास्त असेल तर कौलं आणि पन्हळ तपासा, भिंतीचा दोष नाही. बाजारात मिळणारं दोन टोकांचं ओलमापक यंत्र मात्र खाऱ्या भिंतीवर फसवतं. ते विजेचं वहन मोजतं आणि मिठामुळे वहन वाढतं, त्यामुळे कमी ओल असतानाही आकडा फुगतो.

दुसरा प्रश्न, मीठ किती. कागदाचा लगदा डिस्टिल्ड पाण्यात भिजवून भिंतीवर थापायचा, सुकत आला की काढून पुन्हा डिस्टिल्ड पाण्यात घोळायचा, गाळायचं, त्यात थोडं सौम्य नायट्रिक ॲसिड आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. दह्यासारखा पांढरा साका खाली बसला की क्लोराइड आहे. ही चाचणी बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेली असते. विहिरीचं पाणी अजिबात वापरू नका, आपल्या विहिरींत क्लोराइड आधीच असतं आणि सगळंच पांढरं होईल.

आता बाकीच्यांनी लिहावं. लाकूड आणि कावेबद्दल मला विशेष हवं आहे.

चुन्याची_घाणी

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी वास्तुविशारद आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीतच माझी बरीच वर्षं गेली. जुन्या चुन्याच्या तपासणीबद्दल लिहितो.

नमुना घेताना दिसती, कोरीव किंवा चित्राची जागा कधीच फोडायची नाही. सुटत आलेल्या जागेतून, कोपऱ्यामागून शेंगदाण्याएवढा खडा पुरतो. कुठून घेतला त्याचा फोटो आणि मोजमाप त्याच वेळी वहीत. जागेची नोंद नसलेला नमुना प्रयोगशाळेत कितीही भारी यंत्रावर तपासला तरी निरुपयोगी.

नेहमीची पद्धत म्हणजे खडा सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकायचा. चुना फसफसून विरघळतो, वाळू खाली राहते. ती धुऊन, वाळवून, चाळण्यांतून काढली की चुना-वाळूचं प्रमाण आणि वाळूची जाडी कळते. पण किनाऱ्यावर इथेच गफलत होते. आपल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर, आणि शिंपलाही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲसिड चुनाही खातं आणि वाळूतला शिंपलाही खातं. हिशेबात चुना प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, आणि त्या आकड्यावर नवा चुना मळला तर तो वाळताना तडकतो. म्हणून कोकणातल्या नमुन्याचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाच हवा. शिंपल्याच्या तुकड्यातले थर तिथे स्वच्छ ओळखू येतात. जुना चुना शिंपले भाजून केलेला असेल तर अर्धवट भाजलेले तुकडेही मिळतात, आणि त्यावरून भट्टीचा अंदाज येतो. चुनखडी असो वा शिंपला, पुरता भाजायला साधारण ९०० अंश लागतात.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालायचे असं आपण ऐकत आलो. खरोखर काय घातलं होतं ते सेंद्रिय अंश शोधणाऱ्या चाचण्यांनी कळू शकतं, पण जुन्या आणि दरवर्षी पावसात धुतल्या गेलेल्या गिलाव्यात ते फार थोडं उरतं. तेव्हा अहवालात सेंद्रिय काही सापडलं नाही म्हणजे घातलंच नव्हतं, असा अर्थ काढू नये.

एक गोष्ट कंत्राटदाराला ठासून सांगा. पांढरा सिमेंट हाही सिमेंटच. चुन्यात थोडंसं मिसळतो, लवकर घट्ट होईल, असं म्हणत तो हमखास आणतो. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं. ज्या भिंती त्याआधी चुन्यावर उभ्या राहिल्या त्यांना त्याची गरज पडली नव्हती.

भरडावरचो

आमच्या गावात असाच झाला. जुना देऊळ पाडल्यानी, लाकडी खांब विकून टाकल्यानी आणि स्लॅब घातल्यानी. आता पावसात स्लॅब गळता आणि वर पत्र्याची शेड मारूची लागली. ते खांब खय गेले कोणाक म्हायत नाय. ताईनु, बैठकीत गप रवा नको.

सागवान_साडेतीन_हात

लाकडाबद्दल मी लिहितो. घरात सुतारकी पिढ्यान्‌पिढ्या, मी पुढे लाकूडशास्त्र शिकलो.

खांबांना वाळवी लागलीय म्हणजे किती, हे आधी ठरवा. आमचे आजोबा लाकडी ठोकणी घेऊन खांबाला खालून वर ठोकत जायचे. भरीव आवाज कुठे बदलून पोकळ झाला तिथे कोळशाने खूण करायचे. ही चाचणी आजही पहिली करतात. त्यापुढे एक यंत्र येतं, साधारण तीन मिलिमीटरची सुई ठरावीक वेगाने खांबात शिरते आणि लाकूड तिला किती विरोध करतं याचा आलेख काढते. चांगलं लाकूड असेल तिथे रेघ उंच, पोखरलेल्या ठिकाणी सपाट. भोक एवढं बारीक की नंतर दिसतही नाही. आलेखावरून कळतं की खांब सबंध गेलाय की फक्त बूड.

आपल्याकडे बहुतेक वेळा बूडच गेलेलं असतं. आपली वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर येते, तिला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली ठेवली तर बुरशीही सहसा लागत नाही. म्हणजे खांबाखालचा दगड, भोवतीची माती, मंडपाच्या कडेला साचणारं पागोळ्यांचं पाणी, हे आधी सुधारा. मग सडलेलं बूड कापून त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. त्यासाठी सबंध मंडप उतरवावा लागत नाही, शेजारी टेकू देऊन एकेक खांब करता येतो. हे काम करणारे हात कोकणात अजून आहेत. पंधरा वर्षांनी असतील का, याची मला खरंच काळजी वाटते.

‘त्याच जातीच्या’ यावर माझा भर आहे. मंडपात सगळं सागवानच असतं असं धरून चालू नका. फणस, ऐन, किंजळ, शिसव, काहीही निघतं. नखाएवढी कपची घेऊन तिचे तीन दिशांनी पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की जात ठरते. सागवानाला वर्षाची वलयं स्पष्ट येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालेला आहे. तुमच्या खांबात पुरेशी वलयं असतील तर ती नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल, आणि मंडप भंगारात गेला तर तीही जाईल.

ऑइलपेंट लाकडाला नकोच. आतली ओल कोंडली जाते आणि कोरीवकामाच्या कडा बुजतात.

गावकार_७२

सगळ्यांचं वाचलं. मी आमच्या देवस्थानाच्या कमिटीवर आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. देऊळ हे म्युझियम नाही. तिथे जत्रेला हजारो माणसं येतात, पालखी नाचते, दशावतार रात्रभर चालतो, मंडपात पोरं झोपलेली असतात. तुळई खाली आली तर जबाबदार कोण? सुई घालून आलेख काढणारे लोक त्या रात्री नसतात, आम्ही असतो. दुसरं, वर्गणी मुंबईकर देतात आणि त्यांना दिसणारं काम हवं असतं. तपासणीत पैसे घातले म्हटलं की पुढल्या वर्षी पावतीपुस्तक कुणी हातात घेत नाही. तिसरं, आमच्या वाडवडिलांनीही देऊळ बदललंच ना? पेंढ्याचं कौलारू झालं, मातीचं चिऱ्याचं झालं. देवाला कौल लावून, त्याच्या आज्ञेने बांधलं. मग आम्हीच का थांबायचं?

खाडीकाठ

काका, तुमचा पहिला मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि तपासणी त्यासाठीच हवी आहे. कुठली तुळई धोक्याची आहे, हे आज आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही. टेकू तर उद्याच द्यायला हवेत, त्यावर वाद नाही. भिंतीला तडा असेल तर त्याच्यावर आडवी काचपट्टी चुन्याने चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तुटली तर तडा हलतोय, लगेच इंजिनिअर बोलवायचा. तशीच राहिली तर तडा जुना आहे. एका पावसाळ्यात कळतं आणि खर्च जवळजवळ नाही.

वाडवडिलांनी बदल केले हेही खरं. पण पेंढा काढून कौलं घातली तेव्हा भिंतीचा चुना आणि खांब राहिले. आता जे सुचवलंय त्यात मागचं काहीच उरत नाही. देवाचा कौल लावायचा तर जरूर लावू या, फक्त कुठला खांब गेलाय आणि कुठला धड आहे हे त्याच्यापुढे मांडून लावू या.

सड्यावरचा_वारा

देवळांवरून थोडं बाजूला जातो, पण मुद्दा तोच. मी राजापूरकडचा. आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत, खडकात कोरलेली जुनी चित्रं. गुरं राखणाऱ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या मंडळींनी गावोगावचे सडे पालथे घालून नोंदी केल्या तेव्हा जगाचं लक्ष गेलं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसाईमाळ गोव्यातलं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जमिनीवर उभं राहून तो हत्ती आहे हे कळत नाही, वरून ड्रोनने बघितलं की आकार उमटतो.

इथली सगळ्यात सुलभ शास्त्रीय पद्धत म्हणजे तिरपा उजेड. भर दुपारी सड्यावर गेलात तर रेघा दिसतच नाहीत. सूर्य क्षितिजाजवळ असताना, नाहीतर रात्री जमिनीलगत टॉर्च धरून बघा. अर्धा इंच खोलीची खाचही सावलीने भरते. दिवा वेगवेगळ्या कोनांत ठेवून एकाच जागेचे कितीतरी फोटो काढायचे आणि संगणकावर ते एकत्र करून हवा तसा उजेड फिरवायचा, अशी पद्धत जगभर शिलालेखांसाठी वापरतात. पुसट अक्षर वाचायला ती फार कामाची.

दुसरी पद्धत फोटोग्रॅमेट्री. साध्या कॅमेऱ्याने एकमेकांवर ६० ते ८० टक्के येतील असे फोटो सगळीकडून काढायचे, शेजारी मोजपट्टी ठेवायची. त्यावरून संगणक त्रिमित प्रतिकृती बनवतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसंच केलं आणि दोन प्रतिकृती एकमेकींवर ठेवल्या की झीज कुठे झाली ते मिलिमीटरमध्ये दिसतं.

कळकळीची विनंती, फोटो नीट यावा म्हणून खाचांत चुना, रांगोळी, खडू भरू नका. पाणी ओतून ब्रशने घासू नका. खाचेतली माती हा कचरा नाही, वय ठरवायचा एखादा दुवा मिळाला तर तो तिथेच मिळेल. आणि सडा म्हणजे पडीक जमीन, ही समजूत जायला हवी. चिरेखाणीचं यंत्र एका दिवसात जेवढं कापतं त्यात सबंध चित्रसमूह जाऊ शकतो.

मालवण_टू_मालाड

एक शंका. कातळशिल्पांचं कार्बन डेटिंग करून वय काढून का टाकत नाहीत? प्रत्येक बातमीत वेगळा आकडा वाचतो.

सड्यावरचा_वारा

कारण कार्बन डेटिंगला एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. लाकूड, कोळसा, हाड, बी. प्राणी किंवा झाड मेलं की त्यातला कार्बन-१४ घटत जातो, ५७३० वर्षांत निम्मा होतो, साधारण पन्नास हजार वर्षांपर्यंत मोजता येतो. जांभ्यावर छिन्नी मारली तेव्हा दगडात असं काही शिरलं नाही. जांभा तयार कधी झाला हे कळलं तरी कोरला कधी हे कळत नाही.

आडवाटेने जाता येतं. खाचेत किंवा जवळच्या गुहेत साठलेल्या गाळातल्या क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला, ते प्रकाश-उद्दीपित दीप्ती या पद्धतीने मोजतात. जमिनीतल्या किरणोत्सारामुळे कणांत ऊर्जा साठत जाते, उजेड पडला की ती रिकामी होते. म्हणून नमुना काळोखात, बंद नळीत घ्यावा लागतो. पण त्यातून गाळाचं वय मिळतं. कोरीवकाम त्याआधीचं, एवढंच म्हणता येतं. शैली, जवळ सापडणारी दगडी हत्यारं, चित्रांतले प्राणी यांची जोड द्यावी लागते. एकशिंगी गेंडा कोरलेला आहे, आणि तो आज कोकणात नाही. यावरून हवामान आणि रान वेगळं असताना कोरला असावा, असा विचार होतो. वर्तमानपत्रातला आकडा हा अशा सगळ्या अनुमानांतून आलेला असतो, तो तसाच वाचावा.

तटबंदी

किल्ल्यांवरची मंडळी इथे असतील तर तोफांबद्दल वाचा, कारण यात उत्साहाने नुकसान होतं.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपले चार सागरी किल्ले आहेत. तेव्हापासून संवर्धन मोहिमा वाढल्या, ही आनंदाची गोष्ट. पण वाळूत किंवा पाण्यात सापडलेली लोखंडी तोफ लोक वर काढतात, उन्हात ठेवतात, ब्रशने घासतात, काळा ऑइलपेंट मारतात आणि शिवजयंतीला फोटो काढतात. रंगाखाली लोखंड मरत असतं. समुद्रात बुडालेल्या ओतीव लोखंडात क्लोराइड खोलवर शिरलेलं असतं. पाण्यात असताना ते तुलनेने शांत असतं. बाहेर काढून सुकवलं की हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि गंज झपाट्याने वाढतो, पृष्ठभागावर पिवळसर-तांबडे थेंब येतात, मग थर सुटून पडतात. तोफेवरचं राजचिन्ह, वजनाचे आकडे, सगळं त्याच थरावर असतं.

बरोबर पद्धत अशी. काढायचीच असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला कळवायचं, काढल्यावर ओलीच ठेवायची, मग प्रयोगशाळेत सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात बुडवायची. क्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतं. पाणी बदलत राहायचं आणि प्रत्येक वेळी त्यातलं क्लोराइड मोजायचं. सोबत विजेचा सौम्य प्रवाह दिला तर वेग वाढतो. मोठ्या तोफेला महिने, कधी वर्षंही लागतात. क्लोराइड उतरलं की मग सुकवून टॅनिक ॲसिड आणि वर मेणाचा थर. ही सोय नसेल तर तोफ आहे तिथेच राहू देणं जास्त चांगलं.

जमिनीवर वर्षानुवर्षं उघड्या असलेल्या तोफा वेगळ्या. त्यांना निदान जमिनीवरून उचलून लाकडी गाड्यावर ठेवा आणि तोंडात पाणी साचू देऊ नका.

पाण्याखालचा भाग तर अजून तज्ज्ञांचाच आहे. विजयदुर्गजवळच्या बुडालेल्या भिंतीचा अभ्यास गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला आहे. अशा कामात ध्वनिलहरींनी तळाचं चित्र घेतात आणि मग पाणबुडे उतरून मोजमाप करतात. जमिनीखाली काय आहे ते बघायला वापरतात तो भूवेधी रडार खाऱ्या पाण्यात आणि खाऱ्या ओल्या मातीत आंधळा होतो, लहरी आत शिरण्याआधीच शोषल्या जातात. आमच्या किनाऱ्यावर रडार फिरवून तळघर शोधून देतो म्हणणारा कुणी आला तर हा प्रश्न त्याला जरूर विचारा.

चुन्याची_घाणी

तटबंदी यांनी छान लिहिलंय. जोडून सांगतो, सिंधुदुर्गावर महाराजांच्या हातापायांचे ठसे म्हणून जे आपण दर्शनाला जाऊन बघतो ते चुन्यात आहेत. किल्ला १६६४ ते १६६७ या काळात बांधला. चुना किती टिकतो, हे बैठकीत विचारलं तर हे एवढंच सांगा.

आणि तटातले वड-पिंपळ. ते उपटून काढू नका, मुळांसोबत चिरे येतात. फांद्या छाटून, बुंधा जमेल तितका तटालगत कापून मूळ मारायचं आणि ते सुकल्यावर पोकळी चुन्याने भरायची.

पोथीघर

कागदांबद्दल थोडंसं. आमच्या घरी मोडी दप्तर आहे, अनेकांच्या असेल. लाल रुमालात बांधून, वेखंड घालून, दर वर्षी हवा द्यायची रीत होती, ती शास्त्राला धरून आहे. कसर आणि बुरशी दोन्हींना दमट, बंद, न हलवलेली जागा लागते. नुसतं ऊन मात्र देऊ नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. सावलीत वारा पुरे. फाटलेल्या कागदाला सेलोटेप आणि लॅमिनेशन कधीच नाही. टेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी होतो आणि काढता येत नाही. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठुळाची खळ हीच जगभरची पद्धत, कारण पाण्याने ती परत सोडवता येते. मोडी कागद आहेत म्हणून कळवलंत तर वाचणारे मिळतील, पण आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायच्या कलेच्या, जुन्या पोथ्या याच दमट हवेत टिकल्या, कारण त्या सतत हाताळल्या गेल्या, वाऱ्यावर आल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ही कला जिवंत ठेवल्याबद्दल.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. कावेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मीच थोडं लिहिते. ओल्या चुन्यावर कावेचा तांबडा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, खालचा पांढरा चुना दिसतो आणि नक्षी उमटते. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून तो उन्हाने विटत नाही. त्याचा शत्रू पुन्हा मीठच. आणि दरवर्षी दिवाळीआधी मारलेले सफेदीचे थर. आमच्या भिंतीवर जिथे पापुद्रा सुटलाय तिथे खाली तांबडी रेघ दिसते, म्हणजे नक्षी आपल्याला वाटते त्याहून मोठी असणार. तिथे नाण्याएवढी खिडकी धारदार पात्याने उघडून किती थर आहेत ते मोजता येतं, पण ते काम शिकलेल्या हातानेच व्हावं. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण संशोधनशाळा अशाच कामासाठी आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे. दोन्हीकडे फोटो आणि पत्र पाठवते.

काल काकांशी (गावकार_७२) फोनवर बोलले. बैठकीत मी चार गोष्टी मागणार आहे. टेकू ताबडतोब. काचपट्ट्या पावसाआधी. कौलं आणि पन्हळ दुरुस्ती, देवळाभोवतीची माती खाली उतरवून पागोळ्यांचं पाणी लांब नेणं. आणि सिमेंट, रंग, मंडप यांचा निर्णय पावसाळ्यानंतर, तपासणीचे आकडे हातात आल्यावर. मीठ आणि ओलीची मोजमापं कॉलेजातली मुलं करतील, त्यांच्यासाठी तो प्रकल्पच आहे.

गावकार_७२

टेकूंचं लाकूड आमच्याकडे पडून आहे, ते पाठवतो. आमच्या देवळाच्या मागच्या भिंतीलाही असाच लोणा आहे. मुलं आली की इकडेही पाठवा, जेवणाची सोय करतो. सिल्व्हर नायट्रेट कुठून घ्यायचं ते सांगा.

खाडीकाठ

काका, ते कॉलेजातून आणते, विकत घेऊ नका, महाग असतं. फक्त हातमोजे ठेवा, कातडीवर काळे डाग पडतात आणि बरेच दिवस जात नाहीत. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळेल, पण आणल्यावर आधी त्याचीच चाचणी करू. भिंतीच्या तीन उंचींवर लगदा लावायचाय, पायथ्याशी, कमरेला आणि डोक्याच्या वर, आणि एक नमुना आतल्या कोरड्या भिंतीचा तुलनेसाठी. मागच्या भिंतीला तोवर हात लावू नका, झाडूही नको.